ताईच्या गाडीची बॅटरी

ताई गेली आणि महिनाभराने बाबांनी तिच्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी काढून वर घरात आणली. ताई नाशिकरोडला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. ऐन श्रावणात डेंग्यूने गेली. गाडी खाली पार्किंगमध्ये तशीच उभी होती. शोरूमवाल्याने बाबांना सांगितलं, गाडी वापरणार नसाल तर बॅटरी गाडीत ठेवू नका. अर्धीच चार्ज करा, कोरड्या, थंड जागी ठेवा आणि महिना-दोन महिन्यांनी बघत जा. पूर्ण उतरली तर ती पुन्हा उठत नाही.

"गाडी विकून टाका ना, बाबा," मी पुण्याहून फोनवर म्हणालो.

"बघू," एवढंच ते म्हणाले.

बॅटरी ताईच्या खोलीत ठेवली, पलंगापासून आणि पडद्यांपासून लांब, मोकळ्या फरशीवर. आई म्हणाली, "पेट घेतात त्या. पेपरात वाचत नाही का तुम्ही?"

"म्हणून तर लक्ष ठेवतोय," बाबा म्हणाले. चार्जिंगला लावली की ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि अर्धी भरली की उठून पिन काढायचे.

थंडी बरी गेली. उन्हाळ्यात मात्र ती पश्चिमेची खोली दुपारनंतर भट्टीसारखी तापू लागली. बाबांनी ताईचा कूलर पुसला, पाणी भरलं आणि बॅटरीसाठी चालू केला. मी तेव्हा घरी होतो. जेवून हॉलमध्ये आडवा झालो, तर लोटलेल्या दारामागून कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास येत होता. रात्रपाळी करून आली की ताई अशीच दिवसा झोपायची. आई स्वयंपाकघरातून पावलांचा आवाज न करता आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "भांडी नंतर घासते."

मग स्वतःच दचकली.

वर्षश्राद्धाच्या सुमारास बाबा विधीसाठी त्र्यंबकला गेले. त्या दुपारी मी ऑफिसात होतो आणि फोनवर मेसेज आला : तुमची गाडी सुरू झाली आहे. गाडी घेताना ताईने माझाही नंबर दिला होता. ती असताना असे मेसेज रोज यायचे, मी वाचायचोसुद्धा नाही. आता मात्र तो दोनदा वाचला. बाबांना फोन लावला. मागे मंत्र ऐकू येत होते. "मी इथे आहे रे, गाडी तर खालीच आहे," ते म्हणाले. आईच्या फोनची रिंग बराच वेळ वाजत राहिली.

"मीच बसलेय गाडीवर," शेवटी ती म्हणाली. एवढी जड बॅटरी तिने एकटीने लिफ्टमधून खाली आणली होती.

"कशाला पण, आई?"

"आवाज येतो का बघत होते. नाहीच येत रे." मग ती म्हणाली, "ती आलेलं मला कधी कळायचंच नाही. एकदम दारात उभी. पेट्रोलची गाडी असती, तर आवाज नाही म्हणजे आली नाही, एवढं तरी कळलं असतं. मी रोज संध्याकाळी दार उघडून बघते."

हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

बाबा परतले तेव्हाही बॅटरी गाडीतच होती. ते चिडतील असं आईला वाटलं. पण ते नुसते सीटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "असू दे आतच. चालवली तरी टिकेल." मग भाजीला, दवाखान्याला दोघं त्याच गाडीवरून जाऊ लागले.

दिवाळीत मी घरी गेलो. फराळाचं सामान आणायला आईला मागे बसवून गंगापूर रोडला निघालो. सिग्नल सुटला, पुढे रस्ता मोकळा होता, मी जरा वेग घेतला. आईने माझा खांदा घट्ट धरला.

"हळू घे गं, किती पळवतेस!"

मी आरशात पाहिलं. ती शांतपणे दुकानांच्या माळा बघत होती. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातही नव्हतं. मी वेग कमी केला. माझा आवाज ऐकून तिला कळलं असतं, म्हणून दुकान येईपर्यंत मी काहीच बोललो नाही.