पट्टीवरचं कुंकू

पारोळ्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात कापूस मोजायचा एक इलेक्ट्रॉनिक काटा आला होता. मी तो उघडून ठेवला आणि दुसऱ्या कामांत तो महिनाभर तसाच राहिला. हाती घेतला तेव्हा आतली पट्टीसारखी चपटी केबल तुटलेली दिसली. तशी दुसरी मागवायला तिच्यावर छापलेला नंबर लागतो, आणि नेमका त्यावरच कुंकवाचा वाळलेला ठिपका. पुसायला गेलो, तर कुंकवाबरोबर नंबरही गेला.

मग पिना मोजून जळगावहून पट्टी मागवली. पिना वीसच, पण त्यांच्यातलं अंतर जास्त, त्यामुळे खाचेत शिरेना. दुसरी शिरली, तर तिच्या पिना उलट्या बाजूला. माझं डोकं फिरलं.

त्यातच काट्याचे मालक आबा चौकशीला आले. मी त्यांच्यावरच घसरलो. "आबा, दसऱ्याला पूजा करा, पण कुंकू वरून लावा ना. यंत्राच्या पोटात कशाला लावता?"

आबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, दसराले काटा तुमनाच दुकानमा उघडा पडेल व्हता."

मी मागे वळून पाहिलं. सोल्डरिंगच्या डब्यापासून पंख्यापर्यंत सगळ्यांवर माझ्याच बोटाचा तसाच ठिपका होता.