आजीच्या हातचं जेवण, वेळ चाळीस मिनिटं

मे महिन्याच्या उन्हात मी माझ्याच गावात टुरिस्ट म्हणून उतरलो, ह्यातच सगळं आलं. आईचं घर नालवाडीत, दोन खोल्यांचं, आणि मी बायको-पोरीला घेऊन वर्ध्यातल्या हॉटेलात. कारण काय, तर घरी कूलर आहे, एसी नाही, आणि आमच्या दहा वर्षांच्या लेकीला घामोळं येतं. हे मी पुण्याहून फोनवर सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "हाओ, बरोबर हाय. पोरीले त्रास नको." मग एवढंच विचारलं, "जेवाले कवा येशीन?"

"बघतो," मी म्हणालो. तीन दिवसांची तर सुट्टी.

फिरण्यावरून आमच्यात जुंपली. बायकोचं म्हणणं, गाईड आपणच शोधू, त्याच्याशी थेट बोलू, कुठे कुठे नेणार ते नीट विचारून घेऊ. मला अनोळखी माणसांशी फोनवर चौकशा करायचा भयंकर कंटाळा. "हॉटेलतर्फे घेतलं की डोक्याला ताप नाही," मी ओरडलोच. "ते जबाबदार असतात." काउंटरवरच्या बाईंनी कागद पुढे केला. पहिल्या दिवशी सेवाग्राम, दुसऱ्या दिवशी बोरचं जंगल, तिसऱ्या दिवशी दुपारी 'अस्सल वऱ्हाडी घरात आजीच्या हातचं जेवण, वेळ चाळीस मिनिटं'. मी सगळ्यावर टिक केली आणि तो कागद बायकोसमोर फडकवलासुद्धा.

जंगलातून आल्यावर आईला फोन केला. उद्या दुपारी काही जमत नाही, परतीच्या गाडीच्या आधी पाच मिनिटं डोकावून जातो, असं सांगितलं. ती म्हणाली, "दुपारी नकोच येऊ. माह्याकडे पाव्हणे हायेत." मला हायसं वाटलं, आणि खरं सांगतो, रागही आला. मी गावात असताना हिच्याकडे कुठले आलेत पाहुणे?

आमचा गाईड पन्नाशीचा, टोपीवाला, गळ्यात माईक अडकवलेला. गाडीत आम्ही तिघं आणि ड्रायव्हर, तरी हा माईकवरूनच बोलणार. पूर्वी म्हणे जाम गावच्या चौकात बस थांबली की खिडक्यांखाली ओरडून संत्री विकायचा. अशा माणसाला माईक कोणी दिला, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी नालवाडीकडे वळली. म्हटलं, असेल एखादं घर इकडे. ओळखीचं किराणा दुकान गेलं. म्हटलं, असेल. मग आमच्या गल्लीतला वाकडा खांब आला आणि मी खिडकीपासून मागे सरकलो.

"आजी एकटीच राह्यते," गाईडनं सुरू केलं. "पोरगा पुन्यात मोठा साहेब हाय. पन त्याले टाइम नाई."

"असं आजी सांगतात?" मी विचारलं.

"नाई हो साहेब! आजी तं म्हनते, पोरगा लय येते, इथीच उतरते. आमालेच दिसत नाई तो."

बायकोनं ओढणी तोंडाशी धरली. ती हसत होती की आणखी काही, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.

दारात आई उभी, इस्त्रीची साडी, हातात कुंकवाचं ताट. तिनं मला पाहिलं. मग गाईडकडे पाहिलं आणि ताट पुढे केलं.

"ही तर माझी आजी!" पोरगी किंचाळली.

"शाब्बास!" गाईड माईकवर गरजला. "इथी आलेल्या सगळ्याच लेकरायले असं वाटते. टाळ्या!" आणि ड्रायव्हरनं खरंच टाळ्या वाजवल्या.

हात धुवायच्या निमित्तानं मी आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात घुसलो. "आई, मी सांगून टाकतो त्याला."

"चूप राह्य!" ती दबक्या आवाजात माझ्यावर धावलीच. "बचत गटातल्या साऱ्या बायाइले मी सांगतलं, पोरगा आला, घरीच उतरला, एसी-बिसी काई लागत नाई त्याले. आता हा माईकवाला गावभर करन, पोरगं हाटेलातून पावती घेऊन मायच्या घरी जेवाले आलं म्हून. साहेब हायेस नं? मंग साहेबावानी जेव."

"पण तुला ठाऊक नव्हतं?"

"मले गटातून एवढंच सांगतलं, हाटेलातली पुन्याची पार्टी हाय, लेकरू तिखट खात नाई. मले वाटलं, आपलीही पोरगी तिखट खात नाई. म्हून वरण येगळं काढलं." एवढं बोलून ती भाकरी उलटायला वळली.

मी पाटावर जाऊन बसलो. बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात आला. माझ्या लहानपणी ताप उतरला की मी हाच मागायचो.

"थांबा साहेब! असं नाई," गाईड वरून वाकला. "आधी गोळा कुस्कराचा, मंग वरून फोडणीचं तेल."

"येते त्याले," आई बोलून गेली.

"आजीले साऱ्याच पाव्हण्यायचं कौतुक," गाईडनं माईकवर खुलासा केला.

मग आई वाढायला आली. "घ्या नं साहेब, अजून घ्या." तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा अहो-जाहो केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी तीनदा भात घेतला, कारण नाही म्हटलं असतं तर तिथेच रडलो असतो. पोरगी आजीच्या मांडीवर जाऊन बसली ती हलेना. गाईड खूश झाला, त्यानं हॉटेलात लावायला त्या दोघींचा फोटो काढला.

बरोबर चाळीस मिनिटांनी त्यानं घड्याळ दाखवलं. आम्ही उठलो, चपला घातल्या. आई उंबऱ्याशी आली. पदराला हात पुसत होती, पण हात कोरडेच होते.

"आता शेवटची माहिती," गाईड म्हणाला. "आपल्या इकडे घरातून निघताना 'जातो' म्हनत नाई. 'येतो' म्हनाचं. म्हना साहेब."

मी आईकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच दटावलं, म्हण.

"येतो, आजी," मी म्हणालो.

"कवा?" आईच्या तोंडून निघून गेलं.

गाईड हसला. माईक तोंडाशी नेऊन म्हणाला, "आजी, असं नाई विचाराचं पाव्हण्यायले."