पिंकीची पोवळी आणि वैशाखातली पौर्णिमा

देवाजींची लेक पिंकी अंदमानात समुद्राखाली पोवळी वाढवते, हे नंदनवन वस्तीतल्या शेजारीण अंजनाबाईंच्या कानावर गेलं मात्र, त्या थेट दारात हजर.

"भाऊ, एक पाठवाले सांगा ना तिले. आमच्या गोलूचा मंगळ लई कडक आहे."

"मंगळासाठी बुड्या मारते का ते?" देवाजी म्हणाले.

देवाजी रिटायर्ड लाइनमन. बायको गेल्यापासून घरात एकटे, म्हणून गल्लीत भेटेल त्याला अर्धा तास सोडत नसत. यंदा बुद्धपौर्णिमेला पिंकी येणार, तीन वर्षांनी, हे दूधवाल्यापासून विहारापर्यंत सगळ्यांना पाठ झालं होतं.

आठ दिवस आधी फोन आला. "बाबा, नाही जमत. पौर्णिमेच्या आगेमागेच पोवळी अंडी सोडतात."

"दगडं अंडी देतात?"

"दगड नाही, जीव आहे तो. आम्ही तुकडे करून पाण्यात जाळीवर बांधतो. बोटाएवढे तुकडे नुसते वाढतात. पंज्याएवढे अंडी देतात. मंग त्याहीची वाढ खुंटते का, तेच पाहून राहिलो."

जन्मभर फॉल्ट शोधलेला माणूस. त्यांना लगेच वाट सापडली. "मंग लहान्याहीचं माप घे अन् ये. मोठे देतील आपली अंडी. बाळंतपण थोडीच करा लागते तुले?"

पिंकी हसली. "कोणं दिली, कोणं नाही, हे पाहाले माणूस लागते ना बाबा."

पौर्णिमेला देवाजींनी ठरल्याप्रमाणे खीर केली. अंजनाबाईंनी विचारलं, "पोरगी कुठी आहे?"

"झोपली. प्रवासानं थकली."

लाइनमनला थाप कुठली जमायला! बाहेर चपलांचा एकच जोड. पण गल्लीभर बातमी पोचवणाऱ्या त्या बाईनं खिरीची वाटी घेतली आणि ही एक बातमी पोटात ठेवली.

पाचव्या दिवशी पिंकीचा फोन. आवाजात आनंदाची उकळी. "बाबा, लहान तुकडे वर्षभरात दुप्पट झाले. असेच वाढले तर पुढच्या साली तेही अंडी देतील."

"कधी?" देवाजींनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"याच पौर्णिमेले."

"मस्त," ते म्हणाले. "जप त्याहीले."

तिकडून कुणीतरी पिंकीला हाक मारली. ती फोन ठेवणार, तोच देवाजींनी घाईनं विचारलं, "अन् मोठ्याहीचं काय झालं वं? सांग ना."