गार्डचा लाल झेंडा

निवृत्त गार्डला सगळी रेल्वे वसाहत पाठीमागे खडूस म्हणायची, आणि ते कानावर आलं की तो खूश व्हायचा. माणसांबद्दल त्याचं मत कधीच बरं नव्हतं, पण रेल्वेच्या मोठ्या साहेबांचं नाव काढलं की तो थुंकायलाच उठायचा. कारणही तसंच होतं. या दीडशहाण्या साहेबांनी सकाळच्या गाडीची वेळ बदलून ती कारखान्याचा भोंगा वाजून गेल्यावर पोहोचेल अशी केली. मग रिकामी बाकडी मोजायला माणूस धाडला आणि तोंड वर करून सांगितलं, लोकांनाच गाडी नको आहे. गाडी बंद पडली, रुळांत गवत माजलं, स्टेशनाची दारं-खिडक्याही लोकांनी पळवल्या. साहेबांना बढती मिळाली.

आता रेल्वेच्या उद्धाराची टूम निघाली होती. काचेचं स्टेशन, नवी कोरी गाडी, आणि उद्धार करणार कोण, तर तेच साहेब! जुन्या काळाची शोभा म्हणून त्यांनी गार्डला गणवेश चढवून झेंडा दाखवायला बोलावलं. गार्ड चटकन हो म्हणाला, तेव्हाच बायकोने त्याला गाठलं.

"काय करणार आहात?"

"लाल दाखवणार. गाडीत हार घालून बसला असेल ना, बसू दे. खाली उतरून माझ्या हातापाया पडायला हवं त्यानं. मी हिरवा दाखवल्याशिवाय माझी एक गाडी कधी हलली नाही."

"अहो, कशाला उगाच?"

"तू बघच."

उद्घाटनाच्या दिवशी त्याने पोट आत ओढून कोटाची बटणं लावली. 'आमचे जुने सहकारी' म्हणत साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्याला किळस आली. साहेब चढले, दारं आपोआप मिटली. गार्डने बगलेतला लाल झेंडा काढला आणि ताठ हाताने समोर धरला. इतक्या वर्षांचा राग त्या हातात उतरला होता.

गाडी निघाली. ना शिट्टी, ना धक्का. काचेआडून साहेब हात हलवत होते, लोक टाळ्या पिटत होते. झेंडा लाल की हिरवा, कोणी पाहिलंच नव्हतं. नव्या गाडीला फलाटावरून कोणाचा इशारा लागतच नव्हता.

फलाट रिकामा झाला तरी त्याचा हात वरच होता. बायको जवळ आली.

"खाली घ्या आता. दुखेल हात."

"लालच होता ना गं?"

"लालच होता. मी पाहिला."