परातीची पत्री

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधला काशीराम ट्रक मेकॅनिक आहे. स्वतःला तो इंजिनाचा डॉक्टर म्हणवतो, पण ऑपरेशन एकच करतो. डिझेल ट्रकमध्ये इंजिनाने सोडलेला थोडा धूर पुन्हा इंजिनातच फिरवायची सोय असते. तिला ईजीआर म्हणतात. त्याने बाहेरची हवा जरा कमी बिघडते, पण काजळीने ही धुराची वाट तुंबली की गाडी चढावर रडायला लागते. ती खोलून साफ करायची तर अख्खी दुपार जाते आणि हात कोपरापर्यंत काळे होतात. काशीरामला दोन्ही नामंजूर. धुराच्या वाटेत तो तळहाताएवढी पत्री ठोकून देतो, वाट बंद करतो आणि "झकास! पळव आता," म्हणून चहा मागवतो.

"हे नियमात बसत नाही," मी एकदा म्हटलं.

"नियम करणाऱ्याने माल भरून घाट चढून दाखवावा."

"आणि आमच्या हवेचं काय?"

"तू खिडकी लाव ना!"

असा हा माणूस. मला तो आवडतो, हे मी त्याला कधी सांगणार नाही.

त्याच्या पत्र्या तेलाच्या डब्यांच्या असत, त्यामुळे जळत. मढचा रामनाथ कोळी बर्फ आणि मासळीची गाडी चालवतो. त्याची पत्री वाटेतच जळाली, गाडी बंद पडली आणि बर्फाचं पाणी झालं. त्याने येऊन काशीरामचा असा उद्धार केला, की समोरच्या इस्त्रीवाल्याने दुकान अर्धं बंद केलं. काशीरामचं नाक कापलं गेलं. आता जाड स्टील पाहिजे, म्हणून तो घरी आला. त्याची बायको, म्हणजे मालनवहिनी, गणपतीला मालवणला गेलेल्या. माळ्यावर गोणपाटात एक दणदणीत परात उपडी ठेवलेली दिसली. पठ्ठ्याने ती सुलटी करूनही बघितली नाही. कापली, आणि तिच्या पत्र्या आलेल्या ट्रकांत बसवून मोकळा झाला. रामनाथची गाडी तर वाऱ्यासारखी पळायला लागली.

वहिनी परत आल्या आणि पितृपक्ष लागला. परात त्यांच्या आईची होती. म्हणजे आईच्या वर्षश्राद्धाला भावाने बहिणींना भांडी वाटली, त्यातली. आत मशीनने नाव घातलेलं: कै. द्रौपदी तावडे यांच्या स्मरणार्थ. आईच्या तिथीला वड्याचं पीठ तिच्याच परातीत मळायचं, हा वहिनींचा नेम. तिथी चार दिवसांवर आली होती.

खरं कळल्यावर वहिनी ओरडल्या नाहीत. नवऱ्याशी बोलणंच बंद केलं. तो समोर बसलेला असताना मला म्हणाल्या, "भावजी, त्यांना सांगा, माझ्या आईचं नाव मला तिथीच्या आत घरात पाहिजे."

मी सांगितलं. काशीरामने मान खाली घातली.

मग सुरू झाली शोधाशोध. सासू इंजिनात बसवली, हे गिऱ्हाइकांना सांगणार कोणत्या तोंडाने? "पत्रीची बॅच खराब निघाली, फुकट बदलून देतो," असं सांगत तो ट्रक खोलत सुटला. पहिल्या ट्रकात कोरी पत्री निघाली. सिमेंटच्या ट्रकात "यांच्या स्मरणार्थ" सापडलं. काशीराम ते ट्रॉफीसारखं उंचावत घरी आला.

"भावजी, विचारा त्यांना," वहिनी म्हणाल्या, "कोणाच्या?"

दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीतून नुसतं "कै." आलं. वहिनींनी ते कागदावर ठेवलं आणि आत जाऊन रडल्या. मला हसू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

राहिला रामनाथ. तिथीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे मढला गेलो. वहिनी मागच्या सीटवर, माझ्याशी बोलत.

"नाय काढायची," रामनाथने बॉनेटवर हात ठेवला. "तुझी एवढी एकच पत्री टिकलीय. दुसरी घालशील, ती परत जळंल. माझा बर्फ कोण भरून देणार?"

काशीराम बॅचची गोष्ट सांगू लागला. वहिनींनी त्याला बाजूला केलं. "दादा, त्या पत्रीवर माझ्या आईचं नाव आहे."

रामनाथची बायको सरूबाई दारात मासळी निवडत होती. ती ताडकन उठली. "रामनाथ, हात काढ! माउलीला बाहेर घे आधी."

पत्री निघाली ती कोळशासारखी. वहिनींनी पदराने घासली. बराच वेळ घासल्यावर अक्षरं दिसली: द्रौपदी तावडे. वहिनी सरूबाईला म्हणाल्या, "माझ्या आवशीन सगळो जलम चुलीच्या धुरात काढल्यान गो. मेल्यावर जावयान तिका परत धुरातच बसवल्यान."

रामनाथने टोपी काढली. काशीरामचे डोळे भरले, आणि यावेळी तो नाटक करत नव्हता.

"आता माझ्या गाडीत काय घालणार?" शेवटी रामनाथने विचारलं.

सरूबाई आतून एक जाड ताट घेऊन आली. "हे काप."

"नाव आहे का बघा," काशीराम घाबरून म्हणाला.

"आहे ना. माझ्या नणंदेचं. बिनधास्त काप!"

वहिनी पदरात तोंड लपवून हसल्या. काशीरामने ताटाला बोट लावलं नाही. शर्ट काढला, ईजीआरचा व्हॉल्व्ह खोलला आणि काजळी खरवडायला बसला. दुपार उलटली, हात कोपरापर्यंत काळे झाले. गाडी चालू केली, तर आवाज एकदम गोड.

"मग हे आधीच का नाय केलंस रे?" रामनाथ म्हणाला.

काशीरामने काळे हात पाठीमागे लपवले. सरूबाईने तोवर पानं वाढली होती. वहिनी बादली आणि साबण घेऊन आल्या, त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. मी सवयीने निरोप पोचवायला पुढे झालो.

"तुमी बसा, भावजी," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळल्या. "हात फुडे करा. मी पाणी घालतंय."