टाकीतले अवतार

आमच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीत देव राहायला आले, आणि त्यांना सरकारी पिशवीतून मीच घरी आणलं होतं.

मी अमळनेरला आरोग्य शिक्षणाचं काम करते. म्हणजे डास कसे होतात, हात कसे धुवावेत, हे ज्यांना ऐकायचं नसतं त्यांना सांगते. त्या पावसाळ्यात तालुक्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, नव्या आशाताईंना तुमच्याच घरी गप्पी मासे दाखवू. टाकीत एक अळी दिसायला नको. जमलं, तर धुळ्याच्या शिबिरात शिकवायला तुम्हीच!"

धुळं! माईक, खुर्ची, समोर नाश्त्याची बशी! मी पिशवीभर मासे घेऊन घरी आले.

दारातच सासूबाई. गावाच्या अक्का, गळ्यात तुळशीची माळ.

"पिशवीमा काय शे?"

"मासे."

"मासा? माळकरीना घरमा मासा?"

"खायला नाहीत हो! हे डासांच्या अळ्या खातात."

"म्हणजे ते बी मांस खातस!"

(या मुद्द्यावर आमच्या प्रशिक्षणात काहीच नव्हतं.) पण लोकांशी त्यांच्या श्रद्धेच्या भाषेत बोलावं, एवढं शिकवलेलं होतं. मी म्हटलं, "अक्का, विष्णूचा पहिला अवतार कोणता?"

मी मासे टाकीत सोडले. अक्का चपला काढून टाकीपाशी गेल्या आणि हात जोडले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आठवडाभरात आळीतल्या बायका दर्शनाला यायला लागल्या. आमचे हे म्हणाले, "तुझ्या भाषणाला एवढी गर्दी कधी पाहिली नव्हती." मी लक्षच दिलं नाही. मला वेळ कुठे होता? मी गावभर इतरांच्या टाक्या तपासत होते!

ठरल्या दिवशी साहेब आले, आशाताई आल्या. मी सगळ्यांना टाकीभोवती उभं केलं, घसा साफ केला. "बघा, हे मासे अळ्यांचा कसा फडशा पाडतात!" आणि झाकण काढलं.

मासे टम्म फुगून तळाशी निवांत. वर अळ्यांची जत्रा! एक अळी तर माशाच्या तोंडापुढून वळवळत गेली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही!

"मॅडम, यांना भूक लागत नाही का?" एका आशाताईनं विचारलं.

तेवढ्यात अक्का कणकेच्या गोळ्यांचं ताट घेऊन आल्या. "देवले उपाशी कशी ठेवू? सकाय-संध्याकाय निवद देस मी."

साहेबांनी पाण्याकडे बोट दाखवलं. "आणि या अळ्या?"

अक्कांचा चेहरा फुलला. "अळ्या नहीत भाऊ! देवले पिल्लं व्हयनात!"

"पण हे देव आहेत, असं सांगितलं कोणी?"

"मन्ही सूननीच! आरोग्य खातामा शे ती!"

धुळ्याला मी गेले. शिकवायला नव्हे, शिकायला. तिथे माईकवरच्या बाईंनी 'संदेश कसा देऊ नये' म्हणून अमळनेरच्या एका बाईंची गोष्ट सांगितली, नाव न घेता. सगळं सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. कुणाला संशय यायला नको!