अळणी चातुर्मास

बायको लिथियमच्या गोळ्या घेते, हे आमच्या घरात फक्त मला ठाऊक होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिची झोप उडाली, बोलणं थांबेना, वडिलांच्या दुकानातल्या साड्या लोकांना वाटत सुटली. तेव्हा ती माहेरी होती म्हणून ते झाकता आलं. आम्ही अमरावतीचे, मानसोपचाराचा डॉक्टर मी मुद्दाम अकोल्यात शोधला. घरी सांगायचो, तिच्या मावशीला भेटून येतो. गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरायच्या, ही युक्तीही माझीच. "मी का चोरी करून राहिली?" असं ती एकदा म्हणाली. मी विषय बदलला.

अकोल्याच्या डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून बजावलं होतं. रक्तातलं प्रमाण तपासत राहायचं आणि मीठ कधी तोडायचं नाही. मूत्रपिंडाला मीठ आणि हे औषध यांतला फरक नीट कळत नाही. अंगात मीठ कमी पडलं की ते मिठासोबत औषधही धरून ठेवतं. रोज जेवढं पोटात जातं तेवढं बाहेर पडतं, तोवरच ते औषध.

तपासणी मी टाळत आलो होतो. अमरावतीच्या लॅबमध्ये मावसभाऊ कामाला, त्याला कळलं असतं, आणि अकोल्याची खेप पुढं पुढं ढकलली जायची.

चातुर्मासात आमच्याकडच्या बायका काहीतरी सोडतात. कोणी वांगं, कोणी कांदा. त्या वर्षी आईनं मीठ सोडलं आणि जेवताना सुनेला म्हणाली, तूही सोड, दोघींचं एकाच गंजात शिजेल. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी वरणात पोळी चुरत राहिलो. नंतर ओट्याशी तिनं हळूच विचारलं, "चालते का हो?"

"चालते," मी म्हणालो. "आईचं मन कायले मोडतं?"

मला माहीत नव्हतं, असं नाही. आईला कारण सांगावं लागलं असतं, एवढंच.

गोळी सकाळ-संध्याकाळ जातच राहिली. आधी तिच्या हातातला चहा बशीत सांडू लागला. मग जुलाब लागले, तरी गोळी चुकली नाही. आता ती मीच देत होतो. चालताना तिचा तोल जायला लागला तेव्हा वहिनी म्हणाली, उपासाची चढली वाटते बाईले. सगळे हसले. मीही हसलो.

एका सकाळी ती मोरीत पडली आणि मला ओळखेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत का? आई म्हणाली, कॅल्शियम तेवढं. भाऊ, वहिनी, आई, सगळे खाटेभोवती. मी गप्प. तिला मेंदूच्या स्कॅनला नेलं, परत आणलं, दुपार झाली. तिचे हातपाय झटके देऊ लागले तेव्हा मी डॉक्टरांच्या मागे व्हरांड्यात धावलो आणि बोललो.

"सकाळी कुठं होते तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"इथंच होतो."

डायलिसिस केलं. प्रमाण भराभर उतरलं, मी भिंतीला टेकून रडलो. पुढच्या तपासणीत ते पुन्हा चढलेलं. गोळी तर बंद होती. रिपोर्ट कोणाचा तरी दुसऱ्याचा आला म्हणून मी नर्सशी भांडलो. मग डॉक्टरांनी समजावलं, रक्त धुता येतं, पण एवढे आठवडे जे मेंदूत, मांसात मुरलं ते सावकाश रक्तात परत येतं. ते आलं की पुन्हा धुवायचं. पुन्हा उतार, पुन्हा चढ. तिच्यातून काढायला माझ्या हातात काहीच नव्हतं. घालताना मात्र माझाच हात होता. माझं आयुष्य घे, असं देवाला म्हणत होतो, आणि त्याच वेळी लॅबमधल्या मावसभावाला काय सांगायचं तेही जुळवत होतो.

आईला तिथल्या बाकावर सांगितलं.

"मले सांगतलं असतं त मीच तिच्या ताटात मीठ वाढलं असतं," ती म्हणाली. "मी का तिची वैरीण होती बाप्पा?"

शेवटी रक्त साफ आलं. तिला घरी आणलं. पण लहान मेंदूला लागलेला मार तसाच राहिला. भिंत धरून चालते. शब्द जिभेवरून घसरतात. दुसरं औषध सुरू आहे, तेही भीत भीत. आणि बाहेरच्यांना मी अजून सांगत होतो, लकवा मारला.

गेल्या आठवड्यात वलगावहून चुलती आली, लकव्यावर चोळायचं तेल घेऊन. दिवसातून किती वेळा लावायचं ते सांगत होती, मी मान डोलावत होतो. बायको पलंगावरून बोलायला लागली. एकेक शब्द ओढून.

"लकवा नाही. डोक्याचं औषध. अंगात साचलं."

चुलतीला काही उमगलं नाही. "काय म्हणून राहिली रे ते?"

तिचं बोलणं आता घरात मलाच तेवढं नीट कळतं. मी तेलाची बाटली खाली ठेवली आणि साड्या वाटल्या तिथपासून सांगायला लागलो. मध्ये अडलो, तर पुढचा शब्द तिनंच दिला.